कवडीला देवी आल्या

हंबीरराव इंगवले कशालाही भीत नाहीत हे राजारामपुरीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना तसं सांगत. आवाज असा, की पतसंस्थेत त्यांनी खुर्चीवरून 'पुढचा' म्हटलं की बाहेर रस्त्यावरचा माणूसही एक पाऊल पुढं सरकायचा. असा हा गडी एका कोंबडीच्या डाव्या डोळ्यापायी स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरला, मटणाविना राहिला आणि शेवटी बायकोच्या हाताला धरून दवाखान्याची पायरी चढला. आता ते हे कुणाला सांगत नाहीत, म्हणून आपण सांगायचं.

त्या भागात अजून ज्या थोड्या घरांना मागं परडं उरलंय, त्यात त्यांचं एक. परड्यात पेरूचं झाड, पाण्याची मोटर आणि आक्काच्या कोंबड्या. आक्का म्हणजे हंबीररावांची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं कोंबड्या ती आवाजावरून आणि पिसांवरून ओळखायची. त्यातली ठिपक्याठिपक्यांची कवडी तिची लाडकी. ही कोंबडी आक्काच्या मांडीवर येऊन बसायची आणि हंबीरराव जवळ आले की त्यांच्या पोटरीला चोच मारायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की उजवा डोळा पुरता पिकलाय, आता उशीर केलात तर नंतर ऑपरेशन करूनही उपयोग व्हायचा नाही. रक्त-लघवी तपासून झाली, दोन तारखा मिळाल्या, दोन्ही आक्कानं घालवल्या. पहिल्या तारखेला अमावस्या निघाली. दुसऱ्या तारखेला कवडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, तिला सोडून कसं जायचं. तिसरी तारीख दसऱ्यानंतरची होती आणि हंबीरराव रोज आईला ऐकवत होते, "अगं पंधरा मिनटांचं काम. काय न्हाय होत. मी हाय न्हवं?"

दसरा झाला आणि आक्कानं सकाळी कवडीला मांडीवर घेतली, तर तिच्या बोटाला काहीतरी चिकट लागलं.

"हंबीर, हिचा डोळा चिकाटलाय बघ."

हंबीररावांनी लांबून पाहिलं. डावी पापणी सुजलेली, कडेला पिवळट घाण, डोळा बंद. ते बोलून गेले, "एवढंच व्हय? डोळ्याचं आता काय राहिलं न्हाय आक्का. पंधरा मिनटांचं काम."

माणसानं एकच वाक्य दोन ठिकाणी वापरू नये. आक्का शांतपणे म्हणाली, "मग हिचा करून दाखीव. हिला दिसाय लागलं की मी जातो तुझ्या डाक्टरकडं. आनि हिचा डोळा गेला, तर माझ्याफुडं पुन्यांदा ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाय."

आक्का एकदा बोलली की ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही. म्हणजे आता आईची नजर त्या पोटरी फोडणाऱ्या पक्ष्याच्या पापणीला येऊन टांगली होती.

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडच्या विठाबाई म्हणाल्या, "कांद्याचा रस पिळा. घाण भाईर येतीया." यावर हंबीररावांच्या पत्नी पूर्णिमावहिनींनी, आधी कुणाच्या डोळ्यात पिळून बघू, असं विचारल्यावर विठाबाईंना दूध उतू जात असल्याचं आठवलं. समोरचा पृथ्वीराज स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो. त्याला जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय दिसतात. तो चष्मा सरळ करून म्हणाला, "काका, एक तर सर्दी असेल. नाहीतर अ जीवनसत्त्व कमी. नाहीतर बर्ड फ्लू."

"आणि चौथा?" हंबीररावांनी न राहवून विचारलं.

"वरीलपैकी सर्व."

हंबीररावांना दरदरून घाम फुटला. त्यांनी कवडीला बाजाराच्या पिशवीत घातलं, मुंडी बाहेर ठेवली आणि रिक्षा धरली.

कोल्हापुरात पिशवीतून कोंबडी घेऊन निघालेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. रिक्षावाले बाळासो वळणावर मान वळवून म्हणाले, "पावणं, कुनाकडं जेवान हाय?"

"जेवण नाही. दवाखान्यात चाललोय."

"अरारा. पेशंटला रस्सा व्हय? चांगलं असतंय."

"पेशंट हीच आहे."

बाळासोंनी आरशातून एकदा कवडीकडं पाहिलं, एकदा हंबीररावांकडं पाहिलं आणि दवाखाना येईस्तोवर तोंड उघडलं नाही. उतरताना मात्र हळूच म्हणाले, "घरात सगळी बरी हायत न्हवं?"

जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायला जो गृहस्थ बसला होता तो म्हशींना सरावलेला होता. त्यानं मालकाचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मान वर न करता विचारलं, "दूध किती?"

"कोंबडी आहे," हंबीरराव जमेल तेवढ्या प्रतिष्ठेनं म्हणाले.

"ते दिसतंय. पर रकाना हाय."

"दूध देत नाही."

गृहस्थानं 'भाकड' असं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. रोज अंडं घालणाऱ्या कवडीचा हा अपमान हंबीररावांनी गिळला. मागं म्हशी उभ्या होत्या.

डॉक्टर श्रुती कांबळे वयानं लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी कवडीचे पंख काखेत दाबले, मुंडी उजेडाकडं केली आणि आधी चोचीचा वास घेतला. "डोळ्यात फेस नाही, नाकाला घाण वास नाही, घरघर नाही. म्हणजे सर्दीचा रोग नाही. हे तुऱ्यावर बघा, पापणीच्या कडेला बघा, बारीक फोड आणि खपल्या. देवी आहे ही."

"देवी?"

"कोंबड्यांची देवी. माणसाला होत नाही, घाबरू नका. डासांमुळं पसरते. रोगावर औषध नाही, तो आपल्या वेळेनं जातो. पण खपलीखाली पू साठला तर डोळा जाईल. पाणी उकळून कोमट करायचं, चिमूटभर मीठ, कापसानं हलक्या हातानं पुसायचं. खपली ओढायची नाही. मग ही ट्यूब, दिवसातून एकदा. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, वर मच्छरदाणी टाका. आणि चुकवू नका, नाहीतर डोळा हाती लागणार नाही."

मग त्यांनी ट्यूबमधलं औषध कवडीच्या डोळ्यात कसं घालायचं ते एकदा करून दाखवलं. हंबीररावांनी ते डोळे मिटून पाहिलं.

बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला आणि इथं सगळा घोटाळा झाला. हंबीररावांना फोनवर हळू बोलता येत नाही. वहिनी तो फोन कानापासून हातभर लांब धरतात, त्यामुळं तो सगळ्या घराला ऐकू जातो. आनंदाच्या भरात हंबीरराव एवढंच ओरडले, "अगं, बर्ड फ्लू न्हाय. कवडीला देवी आल्यात. डोळ्यापाशी बसल्यात. लई जपाय पाहिजे." आणि फोनची बॅटरी संपली.

घरी येऊन बघतात तर चौकटीला कडुलिंबाचा डहाळा. उंबऱ्यावर हळदी-कुंकू. आक्का डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसलेली.

"चपला भाईरच काढ. बाई आल्यात घरात."

"आक्का, देवी म्हणजे ते त्या रोगाचं नाव..."

"रोग म्हनू नगंस. ऐकतीया ती."

मग आक्कानं नियम सांगितले. बाई जाईस्तोवर घरात फोडणी द्यायची नाही, तेलाचा वास येता कामा नये. दाढी करायची नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. मटण तर लांबच. नवरात्राचे नऊ दिवस संपून हंबीररावांनी नुकताच कुठं पांढऱ्या रश्श्याचा विचार सुरू केला होता. पण खरा घाव शेवटी होता.

"आनि डोळ्याला औषीद लावायचं न्हाय."

"अगं, डॉक्टरनं सांगितलंय, औषध न्हाय घातलं तर डोळा जाईल."

आक्का म्हणाली, "माझा धाकटा भाऊ हुता, शिवा. त्याला देवी आलत्या. कोन एक शाना आला आनि त्याच्या डोळ्यात औषीद घालून गेला. शिवाचं दोन्ही डोळं गेलं. पुढं मरंस्तोवर तो माझ्या आवाजामागनं हिंडायचा. मी बघितलंय हंबीर. तू न्हाय बघितलंस."

हंबीररावांना मामा होते हे ठाऊक होतं, ते आंधळे होते हेही ठाऊक होतं. कशानं, ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. आई दोन वर्षं ऑपरेशनला का भीत होती ते त्यांना त्या दिवशी कळलं.

हंबीरराव बी.कॉम. झालेले. दुसऱ्याच्या घरातल्या देवीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्या परड्यात आलेल्या देवीची गोष्ट वेगळी. औषध घातलं तर बाई कोपणार, नाही घातलं तर डोळा जाणार, डोळा गेला तर आईचं ऑपरेशन गेलं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये पोटरीला चोच मारायला कवडी बसलेली. त्या रात्री फोडणीविना पिठल्याचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नाही. त्यात पिठल्याचाही दोष होता.

मार्ग वहिनींनी काढला. "आत्ती सकाळी आंघोळीला जातात तेवढ्यात घालायचं. मी धरतो, तुम्ही घाला."

"ओरडली तर?"

"मोटर चालू करायची. आवाजात काय ऐकू येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी आक्का न्हाणीत गेली. मोटर सुरू झाली. वहिनींनी कवडीला टॉवेलात गुंडाळलं. हंबीररावांनी आधी मनातल्या मनात बाईची माफी मागितली, मग कापूस भिजवला. पापणीला लावेपर्यंत त्यांचा हात असा कापत होता, की निम्मं औषध कवडीच्या तुऱ्यावर आणि उरलेलं वहिनींच्या बांगड्यांवर गेलं. तरी थेंबभर आत गेलं. एवढं होईस्तोवर वरची टाकी भरून वाहिली आणि पाणी धो धो विठाबाईंच्या परड्यात.

"अगं ए पूर्णिमा, माझं वाळवन," विठाबाई भिंतीवरून डोकावल्या आणि टॉवेलातली कवडी बघून थबकल्या.

वहिनींना काहीतरी बोलणं भाग होतं. "बाईचं न्हाण चाललंय."

त्या दिवशी विठाबाईंनी भिजलेल्या सांडग्यांबद्दल एक चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मोटर चालू झाली तेव्हा त्या भिंतीपलीकडं तांब्या घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी दोघी होत्या. गल्लीत बातमी फिरली, की इंगवल्यांच्या परड्यात बाई स्वतः येऊन बसल्यात आणि रोज सकाळी न्हाऊन तीर्थ देतायत. बायका दहीभात घेऊन येऊ लागल्या. मच्छरदाणीतल्या खुराड्याला कुणी हिरव्या बांगड्या बांधल्या, कुणी खण लावला. कवडी बंद डोळ्यानं दहीभात खाऊन वजनाला चढली. हंबीररावांचं मात्र वाळून चिपाड झालं. येणारी प्रत्येक बाई हात जोडून म्हणायची, "डोळ्याला कायबाय लावलं न्हाय न्हवं?" आणि आक्का अभिमानानं सांगायची, "आमच्या घरात कोन असलं करत न्हाय." हंबीरराव तेव्हा पेरूच्या झाडामागं जाऊन उभे राहत.

इकडं पृथ्वीराजनं तिसऱ्या पर्यायाच्या काळजीनं महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या मुकादमाला बोलावलं. मुकादम तोंडाला दोन मास्क लावून, हातात कागद घेऊन तावातावानं परड्यात शिरला. लिंबाचा डहाळा, खण, बांगड्या बघून त्यानं दोन्ही मास्क खाली ओढले, चपला काढल्या, खुराड्याला हात जोडले.

"आणि तक्रारीचं काय?" पृथ्वीराजनं विचारलं.

"लिवतो की, देवी हाय म्हणून," मुकादम म्हणाला आणि प्रसादाचा दहीभात खाऊन गेला. डॉक्टरांचं आणि मुकादमाचं निदान अक्षरन् अक्षर जुळलं, हे हंबीररावांच्या लक्षात आलं, पण हसायला त्यांच्यात त्राण नव्हतं. तिसरी तारीख चार दिवसांवर आली होती आणि कवडीची पापणी अजून चिकटलेलीच होती.

तारखेच्या आदल्या सकाळी ते झालं. कवडीला आता हा रोजचा डाव समजला होता. वहिनींनी टॉवेल आवळायच्या आत तिनं एक पाय सोडवला आणि वाकलेल्या हंबीररावांच्या तोंडावर नख ओढलं. डाव्या डोळ्यात एकदम आग झाली. त्यांनी आवाज काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते न ओरडता राहिले. डोळा धुतला, पतसंस्थेत गेले, धूळ गेलीय म्हणून सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी उठले तर डोळा उघडेना. आरशात बघितलं. पापणी सुजलेली, कडेला पिवळट घाण. डावाच डोळा. अगदी कवडीसारखा.

हंबीरराव मोरीच्या कट्ट्यावर बसले. 'माणसाला होत नाही' असं डॉक्टर श्रुती म्हणाल्या होत्या, पण बाईनं ते ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक.

आक्काला दिसत नव्हतं, पण तिला कळायचं थोडंच राहणार. मुलगा चहाला बोलला नाही म्हणून ती चाचपत आली, त्याच्या गालावरून हात फिरवत वर गेली आणि तिचं बोट थांबलं.

"डावा?"

"व्हय."

"औषीद घातलंस कवडीला?"

हंबीररावांनी मान हलवली. ती तिला बोटांतून कळली.

आक्का रागावली नाही. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती तशीच परड्यात गेली, खुराड्यापुढं बसली आणि बराच वेळ पुटपुटत राहिली. मग कोयरीतली हळद घेऊन तिनं ती स्वतःच्या उजव्या डोळ्यावर लावली. हंबीररावांनी ते एका डोळ्यानं पाहिलं, पण त्यांना त्यातलं काही समजलं नाही.

आत येऊन ती म्हणाली, "पूर्णिमा, रिक्षा बोलीव. ह्याला डोळ्याच्या डाक्टरकडं न्यायचा. मीबी येतो. आज माझी तारीख हाय न्हवं."

दवाखान्यात हंबीररावांची सगळी अब्रू गेली. ज्या यंत्रावर हनुवटी टेकवायची असते त्यावर ते टेकवीनात. परिचारिकेनं पापणीला हात लावला की खुर्चीसकट मागं सरकायचे. "फक्त बघायचंय हो काका," डॉक्टर म्हणत होते. शेजारच्या बाकावरचा एक शाळकरी मुलगा हे लक्ष देऊन बघत होता.

"ह्याचं थोडं ऱ्हाऊ द्या," आक्का उठली. "माझं करा आधी."

आक्काला हाताला धरून आत नेलं. तिच्या ओठांचा रंग गेला होता, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. हंबीररावांना वाटलं, आपल्याला धीर यावा म्हणून आई पुढं झाली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या गड्याला सत्तरीच्या पुढची बाई लाजवून गेली. ते मुकाट यंत्राला हनुवटी टेकवून बसले. बुबुळाला ओरखडा होता, त्यात पू धरला होता. "आणखी दोन दिवस घरगुती काही करत बसला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "आता वाचेल."

डोळ्यावर पट्टी घेऊन ते ऑपरेशनच्या खोलीच्या दारापुढं बसले. पंधरा मिनिटांचं काम, पंधरा मिनिटांचं काम, असं ते स्वतःला सांगत होते आणि ते किती पोकळ वाक्य आहे ते त्यांना आता कळत होतं. आत काही झालं तर? शिवामामासारखं झालं तर? आपणच हट्टानं इथवर आणली तिला. दाराच्या फटीतून डेटॉलचा वास येत होता. तेवढ्यात, कोंबड्यांना दाणे टाकायला मघाशीच घरी परतलेल्या वहिनींचा फोन आला. कवडीची खपली आपोआप गळून पडली होती. आत डोळा शाबूत होता. तिनं वहिनींकडं नीट पाहिलं होतं आणि मगच चोच मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काची पट्टी निघाली. खिडकीतून ऊन आलं होतं. तिनं दोनदा पापण्या मिटल्या, उघडल्या. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिकडं तिनं बघितलं नाही. तिनं हंबीररावांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड उजेडाकडं वळवलं.

"तुझा डोळा?"

"वाचला, आक्का."

"कवडीचा?"

"तिचाबी उघडला."

आक्कानं डाव्या डोळ्यावर हात ठेवून नुसत्या उजव्यानं खोलीभर बघितलं, भिंत बघितली, पंखा बघितला, वहिनींच्या साडीचे काठ बघितले, आणि तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला.

"मग माझा कसा ऱ्हायला रं?"

"राहणारच की. त्यासाठीच तर ऑपरेशन केलं."

"न्हाय रं हंबीर," ती म्हणाली. "तुझ्या बदली मी बाईला दिलता की."